आरोग्यविचार : गुडघ्याचे बळ आणि बोलके यंत्र

मनुष्याला आपल्या ज्या अवयवांची आठवण सहसा होत नाही, त्यांत गुडघ्याचा क्रम फार वरचा लागेल. डोळा लाल झाला की आरशात दिसतो. दात किडला की जीभ पुन्हा पुन्हा तेथेच जाते. गुडघा मात्र वर्षानुवर्षे निमूटपणे आपले काम करीत राहतो. पाटावर बसणे, देवापुढे वाकून नमस्कार करणे, जिना चढणे, नातवाला उचलून कडेवर घेणे, या सर्व क्रियांत त्याचा मोठा वाटा असतो. पण त्याचे श्रेय त्याला कोणी देत नाही. मग एके दिवशी आरती संपल्यावर उठताना हात जमिनीला टेकावा लागतो, आणि त्या मूक सेवकाची पहिली तक्रार ऐकू येते.

बॉथेल हे टेकड्यांच्या कुशीत वसलेले गाव. सॅमामिश नदीच्या काठची पायवाट सपाट आहे. पण पुष्कळशी घरे चढावर, आणि तीही दुमजली. निजण्याच्या खोल्या वर, स्वयंपाकघर आणि देवघर खाली. नोव्हेंबरात पावसाची रिपरिप लागते. डिसेंबरात साडेचार वाजण्याच्या आतच सूर्य मावळतो, आणि हजारो कावळे रात्रीच्या मुक्कामासाठी विद्यापीठाजवळच्या पाणथळीकडे परतू लागतात. अशा वेळी वरच्या मजल्याच्या खिडकीशी बसून त्या कावळ्यांचे थवे पाहणारी एखादी आजी बहुतेक वाचकांच्या ओळखीची असेल. महाराष्ट्रातील आपले घर बंद करून ती मुलाकडे राहावयास आलेली असते. प्रारंभी ती पहाटे दिवा लावण्यासाठी आणि संध्याकाळी शुभंकरोतीसाठी, अशी दोनदा खाली उतरत असे. पुढे संध्याकाळची फेरी सुटली. मग एके दिवशी मुलगा म्हणतो, “आई, तुझ्यासाठी एक लहानसे देवघर वरच मांडू या का?” सूचना प्रेमाची असते, पण तीत एक कबुलीही दडलेली असते. आजींचे जग एका मजल्याने लहान झाले, हे घराने मान्य केलेले असते. प्रस्तुत लेखाचा विषय त्या जिन्याशी निगडित आहे.

गुडघेदुखीविषयी घराघरांत दोन समज आढळतात. पहिला असा, की ही येथील थंडीने दिलेली भेट आहे. दुसरा असा, की झिजलेल्या सांध्याला व्यायाम देणे म्हणजे मोडकळीस आलेल्या चाकावर आणखी गाडी हाकणे. दोन्ही समज तपासून पाहण्याजोगे आहेत.

थंडीत सांधे अधिक आखडल्यासारखे वाटतात, हे खरे; पण हे दुखणे थंड देशांनी जन्माला घातलेले नाही. चरकसंहितेत ‘संधिगत वात’ या नावाने त्याचे वर्णन आले आहे. सांधा वाकवताना आणि सरळ करताना वेदना होतात, आणि सुजलेला सांधा हाताला वारा भरलेल्या कातडी पिशवीसारखा लागतो, असे निरीक्षण तेथे नोंदलेले आहे. अलीकडचा पुरावा हवा असेल, तर पुणे जिल्ह्यातील भिगवण या गावाकडे पाहावे. जागतिक आरोग्य संघटनेच्या एका उपक्रमाखाली पुण्याच्या संधिवाततज्ज्ञांनी १९९६ साली तेथे घरोघर पाहणी सुरू केली. शंभर प्रौढांमागे सुमारे अठरा जणांनी सांधे वा स्नायू दुखत असल्याचे सांगितले. भिगवणला बर्फ पडत नाही.

दुसरा समज अधिक घातक होय, कारण तो माणसाला खुर्चीत बसवून ठेवतो. सांध्यातील हाडांच्या टोकांवर कूर्चेचे गुळगुळीत आवरण असते. या कूर्चेत रक्तवाहिन्या नसतात. सांध्यावर भार येतो आणि जातो तेव्हा भोवतालच्या द्रवाची जी ये-जा होते, तिच्यावर तिचे पोषण मुख्यतः अवलंबून असते. म्हणजे जो सांधा हलत नाही, त्याची आबाळ होते. शिवाय संधिवाताच्या या प्रकारात केवळ कूर्चाच झिजते असे नाही. हाड, सांध्याचे अस्तर आणि भोवतीचे स्नायू या सर्वांवरच त्याचा परिणाम होतो. यास्तव आज जगभरच्या वैद्यकीय मार्गदर्शक सूत्रांत रोगाची नीट समजूत, व्यायाम आणि आवश्यक असल्यास वजन कमी करणे या तीन गोष्टींना पहिले स्थान दिलेले आढळते. वजनाचे गणित तर लक्षात ठेवण्यासारखे आहे. २००५ साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकन अभ्यासात असे दिसले, की शरीराचे वजन एक पौंडाने उतरले तर दर पावलागणिक गुडघ्यावरचा भार सुमारे चार पौंडांनी उतरतो.

स्नायूंपैकी सर्वांत महत्त्वाचा तो मांडीच्या पुढचा गट. चार स्नायू मिळून तो बनतो, म्हणून त्यास चतुःशिरस्क असे नाव आहे. गुडघ्याची वाटी त्याच्याच कंडरेत गुंफलेली असते. खुर्चीवरून उठवतो तो हाच, आणि जिना उतरताना शरीर धाडकन खाली जाऊ न देता लगाम ओढून धरतो तोही हाच. जिना चढण्यापेक्षा उतरणे अनेकांना अवघड का जाते, याचे एक कारण या लगामाच्या सैलपणात आहे.

हा स्नायू दुबळा का होतो? दुखते म्हणून माणूस पाय वापरीत नाही, आणि वापरला नाही म्हणून स्नायू रोडावतो, हे एक कारण कोणालाही सुचेल. परंतु याहून एक सूक्ष्म कारण आहे. सांध्यात पाणी झाले वा दाह झाला, की तेथील मज्जातंतू पाठीच्या कण्यातील केंद्रांकडे असा काही संदेश पाठवतात, की मांडीच्या स्नायूला मिळणारी आज्ञा तेथेच अर्धीमुर्धी रोखली जाते. १९८४ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात निरोगी गुडघ्यांत मिठाचे निर्जंतुक पाणी हळूहळू सोडण्यात आले. अवघे वीस ते तीस मिलिलीटर, म्हणजे चार ते सहा लहान चमचे, पाणी सांध्यात जाताच मांडीच्या आतील बाजूचा स्नायू ढिला पडू लागला. रोग नव्हता, झीज नव्हती. तरीही स्नायूने काम आखडते घेतले. आजींची इच्छाशक्ती उणी पडलेली नसते. त्यांनी धाडलेले पत्र वाटेतच अडते.

आता आजींच्या व्यायामाकडे पाहावे. फिजिओथेरपिस्ट सांगतो, पाय सरळ पसरून गुडघ्याखाली गुंडाळलेला टॉवेल ठेवा, आणि गुडघा खाली दाबून मांडी घट्ट करा. दिसावयास हा व्यायाम इतका सोपा, की त्यात शिकण्यासारखे काही असेल असे वाटत नाही. पण आजी दाबू लागतात तेव्हा कंबर उचलली जाते, श्वास रोखला जातो, टाच गादीत रुतते, ओठ आवळले जातात. ज्याने काम करावयाचे तो मांडीचा स्नायू तेवढा स्वस्थ असतो. शेजाऱ्यांनी हमाली केली आणि घरधनी झोपून राहिला, असा हा प्रकार. दोन आठवड्यांनी आजी म्हणतात, “रोज करते हो, पण काही उपयोग नाही.” त्यांचे म्हणणे खोटे नसते. व्यायाम झालेला असतो. फक्त ज्याचा व्हावयास हवा त्याचा झालेला नसतो.

येथे हा प्रश्न वैद्यकातून निघून शिक्षणशास्त्राच्या दारी येतो. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ एडवर्ड थॉर्नडाइक यांचे १९३० च्या सुमाराचे काही प्रयोग शिक्षकांच्या परिचयाचे आहेत. माणसांचे डोळे बांधून त्यांना ठरावीक लांबीच्या रेघा काढावयास सांगितल्या. पुन्हा पुन्हा रेघा काढूनही, ओढलेली रेघ बरोबर की चूक हे सांगितले नाही तोवर कोणाचीही प्रगती झाली नाही. ते सांगू लागताच हात सुधारू लागला. पुष्कळ वेळा करणे म्हणजे शिकणे नव्हे. केलेले कसे झाले हे कळणे, हा शिकण्याचा गाभा होय. आजींचा स्नायू असाच डोळे बांधलेला विद्यार्थी आहे. तो रेघा ओढीत असतो. त्याची पाटी तपासणारा कोणी नसतो.

ती पाटी तपासणारे यंत्र म्हणजे बायोफीडबॅकचे यंत्र. मराठीत त्याला जैवप्रतिसाद यंत्र म्हणता येईल. त्यामागचे तत्त्व जुने आहे. स्नायू आखडताना अत्यल्प वीज निर्माण होते, हे एकोणिसाव्या शतकातच ज्ञात झाले होते. १९२९ साली एड्रियन आणि ब्राँक या दोघा शास्त्रज्ञांनी बारीक सुईतून ही वीज टिपली आणि ध्वनिवर्धकातून तिचा आवाज ऐकवला. स्नायू जोराने आखडला की टकटक वाढे, सैल झाला की ती थांबे. पुढे १९६३ साली कॅनडातील शरीररचनाशास्त्रज्ञ जॉन बसमाजियन यांनी ‘सायन्स’ या नियतकालिकात एक विलक्षण निष्कर्ष प्रसिद्ध केला. आपल्या स्नायूचा आवाज ऐकू आला आणि त्याची रेषा पडद्यावर दिसली, तर सामान्य माणूससुद्धा थोड्या वेळात स्नायूतील तंतूंचा एकच इवलासा गट इच्छेनुसार चालवू अथवा थांबवू शकतो. हे बसमाजियन इस्तंबूलमध्ये एका आर्मेनियन कुटुंबात जन्मले आणि लहानपणीच कॅनडात आले होते. ‘बायोफीडबॅक’ हा शब्द मात्र १९६९ च्या सुमारास रूढ झाला.

हा विचार मराठी वाचकास अगदी परका वाटू नये. लोणावळ्याच्या कैवल्यधामात स्वामी कुवलयानंदांनी १९२४ पासून योगक्रियांचे प्रयोगशाळेत परीक्षण आरंभिले होते. उड्डियान आणि नौली करताना पोटात काय घडते, हे त्यांनी क्ष-किरणांच्या साहाय्याने पाहिले आणि आतील दाब यंत्राने मोजला. नौली म्हणजे तरी काय? पोटाचे उभे स्नायू इतरांपासून वेगळे काढून आज्ञेत आणणे. तेथे साधकास यंत्राची गरज नव्हती. वर्षांचा अभ्यास आणि जवळ बसलेला गुरू हेच त्याचे साधन. पण येथे एक विवेक पाळला पाहिजे. आपल्याकडे हे सारे पूर्वीपासूनच होते, असे म्हणून स्वस्थ बसणे सोपे. कुवलयानंदांनी ते केले नाही. परंपरेवर श्रद्धा असूनही त्यांनी मोजमाप मागितले, हेच त्यांच्या कार्याचे मर्म होय.

खुद्द बॉथेलचाही या विषयाशी दूरचा संबंध आहे. अल्ट्रासाउंड यंत्रे बनवणारी एटीएल ही कंपनी येथलीच. १९९८ साली तिच्यातून सोनोसाइट ही कंपनी वेगळी निघाली आणि तिने हातात धरून नेता येईल एवढे यंत्र बाजारात आणले. रणांगणावर जखमी सैनिकांस तपासता यावे, या अमेरिकन संरक्षण खात्याच्या गरजेतून त्या कामाचा आरंभ झाला होता. अशा यंत्राच्या पडद्यावर स्नायू आखडताना जाड होतो, तो प्रत्यक्ष दिसतो. कंबरेच्या आणि पोटाच्या खोल स्नायूंना शिकवण्यासाठी फिजिओथेरपिस्ट या दर्शनाचा उपयोग करतात. गुडघ्यासाठी मात्र साधारणतः त्वचेवर चिकटवावयाच्या चकत्यांचे साधे यंत्रच पुरते.

त्याची रीत अशी. मांडीच्या पुढच्या भागावर, बहुधा गुडघ्याच्या वाटीच्या वर आतल्या बाजूस, दोन लहान चकत्या चिकटवतात. एक चकती तटस्थ जागी असते. चकत्यांतून तारा यंत्राकडे जातात. स्नायूची वीज व्होल्टाच्या दशलक्षांशांत मोजावी लागते, इतकी ती सूक्ष्म. यंत्र ती वाढवून दिव्यांच्या ओळीत, आकड्यात अथवा ध्वनीत उतरवते. एक गोष्ट घरातील सर्वांनी नीट ध्यानात घ्यावी : हे यंत्र शरीरात वीज सोडीत नाही. वीज देऊन स्नायू आखडवणारी अथवा वेदना मंदावणारी यंत्रे निराळी. हे यंत्र फक्त ऐकते आणि ऐकलेले सांगते. ‘शॉक बसेल का हो?’ हा आजींचा पहिला प्रश्न असतो, आणि त्याचे प्रांजळ उत्तर ‘नाही’ असे आहे.

यंत्रावर एक मर्यादा ठरवता येते. तिला उंबरठा म्हणावे. स्नायूचे काम त्या उंबरठ्यापलीकडे गेले तरच दिवा लागतो. पहिल्या दिवशी उंबरठा अगदी खाली ठेवतात. आजी दाबतात, काही नाही. फिजिओथेरपिस्ट म्हणते, “कंबर सोडा, श्वास चालू ठेवा, गुडघ्याची वाटी मांडीकडे ओढून घ्या.” पुन्हा काही नाही. तिसऱ्या वा चौथ्या खेपेस एक हिरवा ठिपका लुकलुकतो. शेजारी बसलेला नातू ओरडतो, “आजी, लागला! तूच लावलास!” आजी पाहतात, तोवर तो विझलेला असतो, पण तो कशाने लागला, त्याचा माग शरीराला मिळालेला असतो. हाच तो शिकण्याचा क्षण. पुढे दिवा पाच मोजेपर्यंत टिकतो, मग उंबरठा एक पायरी वर चढवला जातो. व्यायामाचे रडगाणे गाणारी आजी “आज कितीवर गेले ग?” असे विचारू लागते, हा या यंत्राचा दुसरा लाभ होय, आणि तो लहान नव्हे. व्यायामाच्या उपचारात अपयश येते ते बहुधा व्यायाम चुकीचा म्हणून नव्हे, तर तो तिसऱ्या आठवड्यात सुटतो म्हणून.

मग प्रत्येक घराने असे यंत्र विकत घ्यावे काय? येथे उत्साहाला थोडा आवर घातला पाहिजे. गुडघ्याच्या संधिवातात व्यायामाने वेदना कमी होतात आणि हालचाल सुधारते, याविषयी भरपूर चाचण्यांचा आधार आहे. व्यायामाला यंत्राची जोड दिल्याने त्याहून अधिक लाभ होतो की नाही, याविषयीचा पुरावा मात्र थोडा आणि संमिश्र आहे. २०१० साली तुर्कस्तानातील संशोधकांनी प्रसिद्ध केलेल्या एका चाचणीत यंत्रासह आणि यंत्रावाचून व्यायाम करणारे, असे दोन्ही गट सुधारले. यंत्रामुळे मोठा फरक पडल्याचे दिसले नाही. २०११ साली भारतीय संशोधकांच्या एका चाचणीत मांडीचे बळ वाढवण्यास यंत्राचा उपयोग झाल्याचे दिसले. दोन्ही चाचण्या लहान होत्या. तात्पर्य, सुधारणा व्यायामाने होते. यंत्राने झाली तर व्यायामाच्या शिकवणीत मदत होते. ज्याचा स्नायू सांगितल्याबरोबर आखडतो, त्याला यंत्र फारसे काही नवे सांगणार नाही. ज्याचा स्नायू हाक ऐकूनही ओ देत नाही, त्याला ते काही आठवडे सोबती म्हणून उपयोगी पडू शकेल.

प्रतिसादाचे हे तत्त्व चालण्यालाही लावून पाहिले जात आहे. २०२५ साली ‘लॅन्सेट ऱ्हुमॅटॉलॉजी’ या नियतकालिकात ६८ रुग्णांवरील एक चाचणी प्रसिद्ध झाली. पाऊल किंचित आत अथवा बाहेर वळवून टाकल्याने गुडघ्याच्या आतील बाजूवरचा भार कोणाचा किती उतरतो, हे आधी प्रत्येकाच्या चालण्यावरून मोजले. मग नडगीवर बांधलेल्या यंत्राच्या कंपनांनी ती नवी चाल शिकवली. वर्षभरानंतर अशांच्या वेदना तुलनेच्या गटापेक्षा अधिक उतरल्या होत्या, आणि कूर्चेची हानीही मंदावल्याचे प्रतिमाचित्रांत दिसले. पण पाऊल कोणी आत वळवावे आणि कोणी बाहेर, हे माणसागणिक भिन्न होते. काहींचा भार उलट वाढलाही असता. यास्तव हे वाचून कोणी घरच्या घरी चाल बदलू नये.

यंत्राविषयीचा सर्वांत महत्त्वाचा धडा मात्र शाळेतच सापडतो. लहान मुलाला अक्षर शिकवताना प्रथम त्याचा हात धरून गिरवून घेतात. हात कधीच धरला नाही तर अक्षर वळत नाही. आणि कधीच सोडला नाही तरीही वळत नाही. हालचालींच्या शिक्षणाचा अभ्यास करणाऱ्यांना गेल्या शतकाच्या उत्तरार्धात हेच आढळले : प्रत्येक खेपेस बरोबर-चूक सांगत राहिले, तर शिकणारा सांगणाऱ्यावर विसंबतो, तो आधार काढला, की त्याची प्रगती ढासळते. प्रतिसाद हळूहळू विरळ केला, तर शिकलेले टिकते. म्हणून जाणकार फिजिओथेरपिस्ट काही दिवसांनी पडदा दुसरीकडे वळवते. “आता न बघता करा, आणि दिवा लागला असेल की नाही ते तुम्हीच सांगा,” असे म्हणते. आजींचा अंदाज बरोबर येऊ लागला, की यंत्राचे काम संपत आले. जे यंत्र आपली गरज संपवते तेच चांगले; ज्याची गरज दर महिन्याला वाढत जाते, त्याच्या जाहिरातीकडे सावधपणे पाहावे.

खर्चाचा विचार टाळता येत नाही. वृद्धांसाठी असलेल्या मेडिकेअर या सरकारी योजनेत स्नायूंच्या पुनःशिक्षणासाठी जैवप्रतिसादाचा उपचार मान्य आहे. पण व्यायाम, शेक यांसारखे नेहमीचे उपाय करूनही गुण आला नसेल तरच, आणि घरी वापरण्याच्या यंत्राचा खर्च ती योजना देत नाही. नव्याने आलेल्या स्थायी निवासी आईवडिलांस, येथील नोकरीचा पुरेसा काळ स्वतःच्या वा जोडीदाराच्या गाठी नसेल तर, पासष्टी उलटूनही सलग पाच वर्षे राहिल्यावाचून या योजनेत पैसे भरूनही शिरता येत नाही. वॉशिंग्टन राज्यात डॉक्टरांच्या चिठ्ठीवाचून फिजिओथेरपिस्टकडे जाण्यास कायद्याची आडकाठी नाही. आपल्या विम्याच्या अटी मात्र आधी विचारून घ्याव्यात. एकदोन भेटींत व्यायाम नीट शिकून घेणे, हा महागडे यंत्र मागवण्यापेक्षा पुष्कळदा शहाणपणाचा खर्च ठरतो.

आणि प्रतिसाद देणारी साधी साधने घरातच असतात. पहिले साधन म्हणजे तळहात. तालमीत वस्ताद शागिर्दाच्या मांडीवर थाप मारून ती कसली आहे की नाही ते पाहतो. तसा आपलाच हात गुडघ्याच्या वाटीवरच्या भागावर ठेवला, तर स्नायू घट्ट झाला की नाही ते तत्काळ कळते. दुसरे साधन, रबरी फुगा दाबून हवा भरावयाचे आणि काट्याने दाब दाखवणारे रक्तदाबाचे जुने यंत्र. त्याचा पट्टा गुंडाळून गुडघ्याखाली ठेवावा, थोडी हवा भरून काटा कोठे आहे ते पाहावे, आणि गुडघा खाली दाबावा. काटा जितका चढेल आणि जितका वेळ स्थिर राहील, तितके काम झाले. भारतात अनेक ठिकाणी फिजिओथेरपिस्ट ही युक्ती वापरतात. बटण दाबताच आपोआप फुगणारी नवी यंत्रे येथे उपयोगी नाहीत. तिसरे साधन, वजनाचे दोन काटे. ओट्याचा आधार जवळ ठेवून दोन पाय दोन काट्यांवर ठेवले, की दुखऱ्या पायावर शरीर किती कमी विसंबते, ते आकडाच सांगतो.

व्यायामाचा क्रमही चढत्या इयत्तांचा असावा. दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीस, १९४५ साली, अमेरिकन सैन्यातील डॉक्टर थॉमस डीलॉर्म यांनी जखमी सैनिकांच्या मांड्यांना बळ आणताना एक तत्त्व मांडले : भार पायरीपायरीने वाढवला तरच बळ वाढते. आजही ते तत्त्व कायम आहे. पहिली इयत्ता वर सांगितलेल्या दाबाची. पाच मोजेपर्यंत दाबून धरावे, सोडावे, आणि असे दहा वेळा करावे. दुसरी इयत्ता, एक गुडघा वाकवून दुसरा पाय सरळ ठेवून वीतभर वर उचलण्याची. तिसरी, खुर्चीवरून हातांचा आधार न घेता उठण्या-बसण्याची. प्रारंभी खुर्चीवर उशी ठेवून ती उंच करावी. चौथी, जिन्याच्या सर्वांत खालच्या पायरीवर कठडा धरून चढ-उतार करण्याची. आठवड्यातून दोन-तीन दिवस, निदान दोन-तीन महिने हा अभ्यास चालला पाहिजे. त्याआधी फळाचा हिशेब मांडू नये. श्वास कधीही रोखू नये, रक्तदाब असणाऱ्यांनी तर मुळीच नाही. करताना थोडे दुखणे चालते. पण दुखणे दुसऱ्या दिवशीही वाढलेलेच असेल, तर एक इयत्ता खाली उतरावे. गुडघा लाल व गरम होऊन ताप आला, एकाएकी मोठी सूज आली, सांधा अडकून बसू लागला अथवा पाय टेकवेनासा झाला, तर व्यायाम थांबवून डॉक्टरांकडे जावे; तेथे कोणतेही यंत्र कामाचे नाही.

व्यायामाने झिजलेली कूर्चा पूर्ववत होत नाही, हेही आजींना स्पष्ट सांगावे; खोट्या आशेने आरंभलेला अभ्यास लवकर मोडतो. काहींना पुढे शस्त्रक्रिया लागतेच. पण मांडीत आलेले बळ तेव्हाही वाया जात नाही.

या सर्वांत घरच्यांचे काम कोणते? मुलाने आईसाठी महागडे यंत्र मागवले, खोके उघडून दाखवले, आणि तो कामावर निघून गेला, तर ते यंत्र चार दिवसांत कपाटात जाईल. नातवाने शाळेतून आल्यावर दहा मिनिटे आजीजवळ बसून एक ते पाच मराठीत मोजले, तर आजींचा गुडघा आणि नातवाची उजळणी ही दोन्ही कामे एकदम होतील. यंत्राला दिवा लावता येतो. “कालच्यापेक्षा आज छान जमले, आजी” हे म्हणणारे माणूस घरातच लागते.

वरच्या मजल्यावर देवघर मांडण्याची घाई तूर्त करू नये. ते जेथे आहे तेथेच, खाली, राहू द्यावे. चौदा पायऱ्या असतील तर आज दोन, पुढच्या महिन्यात पाच, असे चालू द्यावे. कठडा पक्का करावा, पायऱ्यांवर उजेड ठेवावा, आणि मागून एक हात तयार असावा. एखाद्या संध्याकाळी, बाहेर कावळे पाणथळीकडे परतत असताना, खालच्या देवघरात समई लागलेली दिसेल. ती कोणी लावली, हे विचारावे लागणार नाही.